गालिचा घ्यायचाय? धागा पितो का आणि दबला तर उठतो का, एवढं आधी विचारा

गणपती-दिवाळीचे सेल लागले की बऱ्याच घरांत तोच विषय निघतो, सोफ्यासमोर एखादा गालिचा टाकूया का. मग फोनवर शोधायला घ्यायचं आणि पंधरा-वीस फोटो बघेपर्यंत डोकं गरगरायला लागतं, कारण एकावर लिहिलेलं असतं 'सिल्क टच', दुसऱ्यावर 'प्रीमियम मायक्रो', तिसरा 'बांबू सिल्क', आणि चौथ्याच्या खाली अगदी बारीक अक्षरात 'मटेरियल: पीपी'. किमती म्हणाल तर सारख्याच दिसणाऱ्या दोन गालिच्यांत चौपट फरक. दुकानात जाऊन विचारलं तर उत्तर ठरलेलं, 'मॅडम, एकदम सॉफ्ट आहे, हात लावून बघा.' हात लावून सगळेच सॉफ्ट लागतात हो, नवीन असताना.

तिकडे परदेशातल्या आपल्या लोकांची वेगळीच पंचाईत. माझी मावसबहीण न्यू जर्सीला असते, तिच्याकडे बेडरूम, जिना, सगळीकडे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कार्पेट, आणि ते बदलायची वेळ आली तेव्हा दुकानदाराने विचारलं नायलॉन हवं, पॉलिएस्टर हवं की ट्रायएक्स्टा. तिने मला व्हॉट्सॲप केला, तुझं टेक्स्टाइल झालंय ना, मग सांग. तर हे तिच्यासाठीही आणि इथे ठाणे-नाशिक-कोल्हापुरात गालिचा घेणाऱ्यांसाठीही.

मुळात हे सगळं प्लास्टिकच आहे

सिंथेटिक धागा म्हणजे काय, तर प्लास्टिकचे दाणे वितळवायचे आणि बारीक भोकांच्या चकतीतून दाबून बाहेर काढायचे. घरातला शेवेचा सोऱ्या आठवा, अगदी तसंच, फक्त भोकं केसाएवढी आणि खाली कढईतल्या तेलाऐवजी थंड हवा. सोऱ्यात चकती बदलली की शेवेच्या जागी चकली पडते तसं इथेही भोकाचा आकार बदलून धागा गोल, तिकोनी, पोकळ कसाही काढता येतो, आणि कार्पेटचा धागा बऱ्याचदा तीन पाकळ्यांचा काढतात, कारण त्यावर उजेड असा विखुरतो की मळ चटकन दिसत नाही. (मळ असतोच. दिसत नाही एवढंच.)

दाणे कसले, यावरून धाग्याचं नाव. नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत ड्यूपॉन्ट कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरदर्स यांनी बनवलं, पॉलिएस्टरचा धागा १९४१ मध्ये इंग्लंडात निघाला, पॉलीप्रॉपिलीन १९५४ मध्ये इटलीत जुलिओ नाट्टा यांनी केलं आणि अशा प्लास्टिकांवरच्या कामासाठी १९६३ चं नोबेलही घेतलं. आणि हे तिघेही आपल्या घरात गालिच्याच्या कितीतरी आधी आलेत. नायलॉन आजीच्या साडीत होतं, पॉलिएस्टर टेरिकॉटच्या शर्टात आणि आता पाण्याच्या बाटलीत आहे, आणि पॉलीप्रॉपिलीन, ज्याला दुकानदार नुसतं पीपी म्हणतात, ते सिमेंटच्या गोणीत, रंगीत प्लास्टिकच्या चटईत आणि डब्याडुब्यांत आहे. लग्नाच्या हॉलमध्ये खाली लाल-हिरवं जे पातळ कार्पेट अंथरतात ना, तेही बहुतेकदा पीपीच.

अजून एकच शब्द लागेल, पाइल. गालिच्याचे जे उभे केस असतात, ज्यावर आपण पाय ठेवतो, ते पाइल. यापुढे सगळं बोलणं या पाइलबद्दल.

पहिला प्रश्न: धागा पितो का?

साधारण हवेत नुसता ठेवला तर लोकरीचा धागा हवेतूनच आपल्या वजनाच्या १५-१६ टक्के पाणी ओढून घेतो, व्हिस्कोज (लाकडाच्या लगद्यापासूनचा धागा, त्याचं पुढे येईलच) ११ ते १३ टक्के, नायलॉन ४ च्या आसपास, पॉलिएस्टर ०.४, आणि पॉलीप्रॉपिलीन जवळजवळ शून्य. हे आकडे बघून वाटेल की यात गालिचा घेणाऱ्याने काय बघायचं, पण डागांचं निम्मं गणित इथेच आहे. जो धागा पाणी पितो तो पाण्यातला रंगही पितो.

नायलॉनच्या आत अशा जागा असतात की तिथे पाणी चिकटतं आणि काही जातीचे रंगही चिकटतात. मिलमध्ये नायलॉन रंगवतात ते याच जागांच्या भरवशावर, आणि गंमत म्हणजे सरबतातले, जेलीतले खायचे रंग बरेचसे त्याच जातीचे असतात. म्हणजे फिकट नायलॉनवर लाल सरबत सांडलं की तुम्ही नकळत तेवढ्या तुकड्याचं डाइंग केलंत. म्हणून नायलॉनच्या कार्पेटला कारखान्यातच डागरोधक रसायन देतात, म्हणजे रंगांच्या त्या जागा आधीच कुणीतरी अडवून बसलेलं असतं.

पॉलीप्रॉपिलीनमध्ये अशा जागाच नाहीत, त्यामुळे ते नंतर रंगवताच येत नाही. मग रंग घालतात कधी? वितळलेल्या दाण्यांतच. पालक शेवेत पालक पिठातच मळलेला असतो, कुठूनही मोडा आतून हिरवीच, तसा. उलट तयार शेवेवर वरून मसाला भुरभुरला तर तो हाताला लागतो. या पद्धतीला सोल्यूशन डाइड म्हणतात, नायलॉन आणि पॉलिएस्टरही असं करता येतं, आणि लेबलवर हा शब्द दिसला तर दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही कारण रंग उन्हाने आणि धुण्याने लवकर जात नाही.

आता इथे दुकानदार जे सांगत नाही ते. पाणी न पिणारे धागे तेलाशी मात्र फार सलगी करतात. पॉलिएस्टर आणि पीपी दोघंही. पायाचं तेल, फोडणीचा धूर, भज्यांचा हात, हे त्यांच्यावर बसतं आणि मग त्या चिकट थरावर धूळ बसते, म्हणून किचनच्या दारातला पीपी गालिचा डाग न पडताही वर्षभरात काळपट दिसायला लागतो. डाग पडत नाही आणि मळत नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जाहिरातीत त्या एकच करून टाकतात.

दुसरा प्रश्न: दबला तर उठतो का?

पाइल म्हणजे उभे धागे, त्यांच्यावर दिवसभर पाय पडणार, सोफ्याचा पाय तर वर्षानुवर्षं एकाच जागी. भार काढल्यावर धागा परत उभा राहिला तर गालिचा टिकला, नाही तर तो फाटत नाही, नुसता आडवा पडतो, आणि घरातले बहुतेक गालिचे फाटून नाही तर असे आडवे पडूनच जातात. चालायच्या वाटेवर एक चकचकीत पट्टा दिसायला लागतो आणि बाकीचा भाग नवाच्या नवा.

यात नायलॉन सगळ्यांचा बाप. त्याचं कारण तेच, वर ज्या जागांनी पाणी पकडलं त्याच जागा आतल्या रेणूंच्या लांब साखळ्यांना एकमेकींना धरून ठेवतात, त्यामुळे वाकवलं तरी परत पहिल्या जागी येतं. पॉलिएस्टर मधलं, म्हणजे सुरुवातीला छान पण सतत एकाच जागी वर्दळ असेल तर हळूहळू मान टाकतं. पॉलीप्रॉपिलीनच्या साखळ्या एकमेकींना फारशा धरून नसतात, भार राहिला की सरकतात आणि सरकल्या की तिथेच राहतात. टीपॉय हलवला की खाली चार खड्डे दिसतात ते पीपीत जवळपास कायमचे समजा.

म्हणजे बघा, ज्या गुणामुळे नायलॉन उठतं त्याच गुणामुळे ते डाग पितं, आणि ज्या कोरडेपणामुळे पीपीला डाग पडत नाही त्याच कोरडेपणामुळे ते लोळण घेतं. दोन्ही एकात फुकट मिळत नाही, म्हणूनच 'सगळ्यात चांगला धागा कुठला' या प्रश्नाला उत्तर नाहीये.

मग ट्रायएक्स्टा काय प्रकरण आहे?

हे आपल्याकडे फारसं दिसत नाही, पण अमेरिकेतल्या मंडळींना दुकानात हमखास ऐकवतात. हे पॉलिएस्टरचंच भावंड. साध्या पॉलिएस्टरच्या साखळीत जिथे दोन कार्बनचा दुवा असतो तिथे यात तीन, आणि त्या एका जादा कार्बनमुळे साखळी सरळ न राहता नागमोडी होते, म्हणून दाबली की परत ताणून बसते. पाणी मात्र पॉलिएस्टरसारखंच पीत नाही. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारावर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) २००९ मध्ये याला वेगळं नाव लावायची परवानगी दिली, त्यामुळे लेबलवर आता पॉलिएस्टर न लिहिता ट्रायएक्स्टा लिहिता येतं. ड्यूपॉन्टने आणलेल्या सोरोना नावाच्या ज्या मालापासून हे बनतं त्यातला वजनाने एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग मक्याच्या साखरेपासून येतो, बाकीचा पेट्रोलियमचाच, म्हणून 'मक्यापासून बनवलेलं कार्पेट' असं कुणी म्हणालं तर अर्ध्यापेक्षा कमी खरं धरा.

बहिणीला मी सांगितलं, जिन्यावर आणि पॅसेजमध्ये नायलॉन, लहान मुलांच्या खोलीत ट्रायएक्स्टा चालेल, पाहुण्यांच्या बेडरूममध्ये पॉलिएस्टर टाक आणि पैसे वाचव, तिथे वर्षातून दोनदा कोण झोपतं. नायलॉनचा अजून एक त्रास तिकडच्या हिवाळ्यात, हीटरने घरातली हवा कोरडी पडते आणि मग कार्पेटवरून चालत जाऊन दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. मुंबईच्या दमट हवेत हा प्रश्नच येत नाही.

'बांबू सिल्क' नावाचा सापळा

आता जरा वेळ इथे थांबूया, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. आर्ट सिल्क, बांबू सिल्क, फॉ सिल्क, बनाना सिल्क, ही नावं ऐकायला भारी, आणि गालिचाही शोरूममध्ये असा काही चमकतो की घरातल्या इतर वस्तू त्याच्यासमोर गरीब वाटतात. त्यातल्या बऱ्याचशांचं खरं नाव व्हिस्कोज. (काही ठिकाणी साधं चमकदार पॉलिएस्टरही याच नावाने विकतात, ते त्यातल्या त्यात बरं.) व्हिस्कोज म्हणजे लाकडाचा किंवा बांबूचा लगदा रसायनात विरघळवून परत धागा करतात ते. त्यामुळे काटेकोर बोलायचं तर हे प्लास्टिक नाही, पण रेशीमही नाही, आणि बांबूचं त्यात गुणधर्म म्हणावं असं काही उरत नाही.

आपले दोन प्रश्न विचारून बघा. पितो का? भरपूर. उठतो का? नाही. ओला झाला की व्हिस्कोजची ताकद निम्म्यावर येते, म्हणजे पाणी सांडल्यावर घाईघाईने फडक्याने घासलं की ते केस तुटतात, चपटे होतात आणि वाळल्यावर पिवळट कडक डाग राहतो. नुसत्या पाण्याचा डाग! लिंबू सरबत नाही, चहा नाही, पाणी. आणि आपल्याकडे पाहुणा आला की सगळ्यात आधी त्याच्या हातात काय देतो, तर पाण्याचा ग्लास.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाहीये. अमेरिकेत व्हिस्कोज-रेयॉनला 'बांबू' म्हणून विकण्यावर तिथलं फेडरल ट्रेड कमिशन बरीच वर्षं मागे लागलंय, आणि २०२२ मध्ये चादरी, टॉवेल वगैरे असा माल विकल्याबद्दल दोन मोठ्या दुकानसाखळ्यांना मिळून ५५ लाख डॉलर भरावे लागले. नियम असूनही तिथे ही गत, तर ऑनलाइन लिस्टिंगमधल्या 'सिल्की फील'वर किती भरवसा ठेवायचा ते तुम्हीच ठरवा. भिंतीवर टांगायला किंवा कुणी पाय ठेवणार नाही अशा कोपऱ्यात व्हिस्कोज देखणं दिसतं, मी नाही म्हणत नाही.

ॲक्रिलिक या आणखी एका सिंथेटिक धाग्याबद्दल दोन ओळी पुरेत. लोकरीसारखं दिसतं, ऊन छान सोसतं, इराणमध्ये काशानकडचे मशीनवरचे गालिचे बरेचसे याचेच असतात आणि आखातातून येणारी मंडळी ते घेऊन येतात. वर्दळीत त्याला गोळे धरतात.

लेबलवर विश्वास नसेल तर एक वाटी पाणी घ्या

गालिच्याच्या मागच्या बाजूने किंवा कडेच्या झालरीतून नाही, पाइलमधूनच दोन-तीन धागे उपटून घ्या. झालर बऱ्याचदा कॉटनची असते आणि भलतंच उत्तर देते. वाटीत पाणी, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, कारण साबण नसेल तर हलके धागे पाण्याच्या सायीवर उगाच तरंगत राहतात. आता धागे पाण्याखाली धरून बोटांनी नीट पिळा, आतले हवेचे बुडबुडे सगळे निघू द्या, आणि सोडा. जो सरळ वर येऊन तरंगतो तो पॉलीप्रॉपिलीन. पाण्याची घनता १ धरली तर त्याची ०.९, नायलॉनची १.१४, पॉलिएस्टरची १.३८ आणि व्हिस्कोजची त्याहून जास्त, म्हणजे बाकीचे सगळे तळाला जाणार. या एका चाचणीत खोटं बोलायला जागाच नाही.

तळाला गेलेल्यांपैकी व्हिस्कोज ओळखायचं तर एक धागा चिमट्यात धरून सिंकवर, खिडकी उघडी ठेवून, लायटरने पेटवा. व्हिस्कोज कागदासारखं भुरुभुरु जळतं, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिएस्टर आणि नायलॉन आक्रसतात, वितळतात आणि टोकाला टणक मणी राहतो, पॉलिएस्टरला काळा धूर जास्त. लोकर असेल तर केस जळल्याचा वास लगेच ओळखू येतो. वितळलेला थेंब हातावर पडू देऊ नका, फार भाजतं. दुकानात हे करता येत नाही हे कबूल, पण सॅम्पलचा तुकडा मागून घरी आणता येतो, आणि ऑनलाइन घेतलं असेल तर परत करायची मुदत असेपर्यंत करून मोकळं व्हायचं.

धागा बरोबर, तरी गालिचा बसला. असं का?

कारण धागा हा निम्माच भाग. उरलेला निम्मा दाटी. सुटा धागा कितीही चांगला असला तरी आजूबाजूला आधार नसेल तर तो पडणारच, म्हणून विरळ नायलॉनपेक्षा दाट पॉलिएस्टर जास्त टिकतं, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. बघायचं कसं, तर गालिचा पाइल बाहेरच्या बाजूला येईल असा दुमडा आणि दुमडीत बघा. खालचं जाळं सहज दिसलं तर विरळ. बोट खुपसा, तळाला पटकन टेकलं तर विरळ. लांब केसांचे शॅगी गालिचे फोटोत ढगासारखे दिसतात, पण लांब पाइल म्हणजे आडवं पडायला जास्त लांबी, आणि त्यात पडलेला पोह्यांचा दाणा झाडूने तर निघतच नाही, बऱ्याच व्हॅक्यूमलाही निघत नाही. लहान मुलं असतील तर आखूड आणि दाट.

पीळही बघा. एकेका टोकाकडे नीट पाहिलं तर पिळलेला धागा टोकापर्यंत बंद दिसतो, स्वस्तात तो टोकाला पिंजारलेला असतो, असा पुढे अजून पिंजारतो. लेबलवर 'हीट-सेट' असेल तर तो पीळ वाफेने पक्का केलाय असा अर्थ. आणि पॉलिएस्टरचे गालिचे काही अखंड धाग्याचे असतात, काही आखूड तंतू कातून केलेले, दुसरे सुरुवातीचे काही महिने केस गाळतात, काळ्या पॅन्टवर लगेच दिसतं.

मागची बाजू कुणीच उलटून बघत नाही. मशीनवर विणलेल्याला मागे बऱ्याचदा ताग असतो, हँड-टफ्टेडला, म्हणजे हातातल्या यंत्राने कापडात धागे खोचून केलेल्याला, रबरी लेटेक्स आणि वरून कापड. कोकणात, मुंबईत पावसाळ्यात कुबट वास येतो तो सिंथेटिक पाइलचा नसतो, या मागच्या तागाचा आणि आत अडकलेल्या धुळीचा असतो. लेटेक्स जुना झाला की पिठासारखा झडायला लागतो, गालिचा उचलला की फरशीवर पांढरी पूड दिसते ती हीच.

'त्यापेक्षा लोकरच घ्यावी ना?'

लोकर उत्तमच, दबली तर उठते, ठिणगी पडली तर पेट घेण्यापेक्षा जळून विझते. भदोही-मिर्झापूरकडचे हाताने गाठी मारलेले लोकरीचे गालिचे पिढ्यानपिढ्या टिकतात. पण किंमत, लोकर खाणारी कसर, आणि हळद. लोकर रंग पिण्यात नायलॉनच्याही पुढे. दिवाणखान्यात कुणी जेवत नसेल तर घ्या. आमच्या घरात क्रिकेट मॅच म्हटली की ताटं सोफ्यासमोरच येतात, तिथे लोकर घालायची माझी छाती नाही.

ठिणगीवरून आठवलं. पीपी १६० ते १६५ अंशांना वितळतं आणि कॉटनवर ठेवलेली इस्त्री २०० च्या आसपास जाते, पुढचं सांगायला नको. उदबत्तीचा निखारा, फुलबाजीची ठिणगी, सगळ्यांनी भोक पडतं. इतकंच नाही, जड कपाट पीपीवरून ओढत नेलं तर घासण्याच्या उष्णतेनेच केस वितळून चकाकणारा ओरखडा उमटतो, तो निघत नाही. देवघरासमोर पीपी किंवा पॉलिएस्टर नकोच, तिथे आपली सुती सतरंजी शहाणी.

'घरात एवढं प्लास्टिक नको वाटतं'

रास्त शंका आहे. नव्या कार्पेटला जो वास येतो तो जास्त करून मागच्या लेटेक्समधून, आणि गालिचा दोन-चार दिवस गच्चीत किंवा बाल्कनीत मोकळा टाकला की बराच कमी होतो. केस गळून सूक्ष्म प्लास्टिक धुळीत मिसळतं हेही खरं, म्हणून न गळणारा अखंड धागा बरा आणि ओल्या पोछ्याने आजूबाजूची फरशी पुसणं बरं.

जास्त गंभीर गोष्ट वरच्या डागरोधक थराची. यात बरीच वर्षं पीएफएएस नावाची फ्लोरिनवाली रसायनं वापरली, ती निसर्गात मोडतच नाहीत. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात डाल्टन नावाचं गाव आहे, त्याला जगाची कार्पेट राजधानी म्हणतात, तिथल्या कारखान्यांच्या सांडपाण्यातून ही रसायनं नदीत गेली आणि त्यावरून खटले झाले. थ्रीएम कंपनीने २००० मध्येच त्यातलं एक मुख्य रसायन बंद करायची घोषणा केली होती, होम डेपो या घरसामानाच्या दुकानसाखळीने २०१९ अखेर अशी कार्पेटं विकणं थांबवलं, कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये त्यांना खास नियमाखाली आणलं. थोडक्यात तिकडे जुन्या घराबरोबर जुनं कार्पेट आलं असेल तर ते काढण्यात शहाणपण आहे. इकडे 'डागरोधक कोटिंग' असं लिहिलेलं दिसलं तर कशाचं ते विचारा, आणि सांगता आलं नाही तर कोटिंग नसलेला पीपी घ्या, त्याला मुळातच फारशी गरज नसते.

'बाटल्यांपासून बनवलेला' असं लिहिलेल्याचं काय? बाटली आणि पॉलिएस्टर एकच प्लास्टिक, त्यामुळे धागा कमी दर्जाचा असतो असं नाही. पण बाटलीची परत बाटली करता येते, गालिच्याचा मात्र परत गालिचा सहसा होत नाही, त्याला मागे लेटेक्स, ताग, खडूची पूड चिकटलेली असते आणि भंगारवालासुद्धा घेत नाही.

मग इथे नेमकं काय घ्यावं?

खरं सांगायचं तर आपल्याकडे घरगुती गालिच्यात नायलॉन कमीच मिळतं, ते ऑफिसांतल्या चौकोनी कार्पेट टाइल्समध्ये जास्त. तेव्हा आपली निवड बहुतेक वेळा पीपी की पॉलिएस्टर एवढीच उरते, आणि दोन्ही बहुधा पानिपतहून आलेले असतात, त्यावरचा विनोद तुम्हीच करा. हॉलमध्ये, जिथे चहा-सरबत होणार, तिथे आखूड, दाट, हीट-सेट पीपी. बेडरूममध्ये पलंगाशेजारी मऊ लागावं म्हणून पॉलिएस्टर, तिथे वर्दळ नसते. दारात चपला काढतात तिथे गालिचा नकोच, पायपुसणं टाका. खिडकीतून कडक ऊन येत असेल तर साधा पीपी काही वर्षांत ठिसूळ होतो, तिथे सोल्यूशन डाइड पॉलिएस्टर बघा. फाशांचं, म्हणजे न कापलेल्या पाइलचं विणकाम मजबूत असतं पण घरात मांजर असेल तर विसरा, एक फासा ओढला की ओळच्या ओळ उसवत जाते.

हळद सांडलीच तर

'पण पीपीला डाग पडत नाही म्हणालात ना?' पाण्यातल्या रंगाचा पडत नाही. हळदीचा रंग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतो, आणि गरम तेलाबरोबर तो पीपीतही शिरतो. आमटीचा प्लास्टिकचा डबा पिवळा पडतो तो त्यामुळेच, तो डबाही पीपीच असतो.

तर आमटी सांडली की आधी चमच्याने कडेकडून मध्ये खरवडून उचला, घासू नका. मग जुना सुती टॉवेल दाबून दाबून तेल टिपा, वर टाल्कम पावडर किंवा कॉर्नफ्लोअर टाकून तासभर ठेवा आणि व्हॅक्यूम करा. त्यानंतर भांड्याच्या साबणाचे दोन थेंब वाटीभर पाण्यात, फडकं बुडवून पिळून, टिपत राहायचं. कपड्याचा साबण, सोडा, वॉशिंग पावडर लावू नका, खारेपणाने हळद लाल होते हे कपडे धुताना पाहिलेलंच आहे. झालीच लाल तर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून टिपलं की परत पिवळी होते. मागे ताग असेल तर पाणी कमीत कमी, नाही तर तागाचा तपकिरी डाग वर येतो आणि एकाचे दोन होतात. मग गालिचा दोन-तीन दुपारी उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हात तुटतो, डब्यांना आपण हेच करतो, आणि तेवढ्या उन्हाने पीपीचं काही बिघडत नाही. नायलॉन असेल तर हेच सगळं, पण ताबडतोब, रात्रभर ठेवलंत तर गेलं.

आणि व्हिस्कोज असेल तर यातलं काहीही करू नका, फक्त कोरड्या टॉवेलने टिपा आणि गालिचे धुणाऱ्या चांगल्या माणसाला फोन करा. तो नाही म्हणाला तर टीपॉय थोडा डावीकडे सरकवा.